कॉर्निश-वेल्श मंडळाच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

लग्न होऊन मी ॲडलेडला आले तेव्हा सासरची माणसं मी सरसकट 'इंग्लिश' धरून चालले होते. आडनाव तसं, बोलणं तसं, चहात दूधही तसंच. पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, रविवारी आमच्या मंडळाचा चहा आहे, चल. तिथे ओळखी करून घेताना मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "इंग्लिश लोकांचंही असं मंडळ असतं हे मला माहीतच नव्हतं!" टेबलावरचे चार कप एकदम बशीत टेकले. सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला, आणि घरी परतताना गाडीत दीड तास माझा इतिहासाचा तास झाला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. सासूबाई कॉर्निश वंशाच्या, सासरे वेल्श. हल्ली मंडळाच्या स्वयंपाकघरातला चहाचा विजेचा बंब माझ्या ताब्यात असतो. (तिथे त्याला दुसरं नाव आहे, पण मला तो बंबच वाटतो.) दरम्यान आपली बरीच मंडळी या मेळाव्यांना यायला लागलीत: कुणाचं सासर तसं आहे, कुणाला शेजारच्या आजींनी बोलावलंय, कुणी वृद्धाश्रमात काम करतं आणि तिथल्या आजोबांना घेऊन येतं. प्रत्येकजण त्याच त्या खड्ड्यांत पडताना बघते, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी दक्षिण ऑस्ट्रेलियातलं सांगते. दुसरीकडे तपशील वेगळे असतील.

१. आधी हे दोघे कोण ते समजून घ्या

कॉर्नवॉल म्हणजे ब्रिटनच्या नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेलं टोक. वेल्स म्हणजे पश्चिमेचा डोंगराळ भाग. दोघेही केल्टिक, म्हणजे इंग्लिशांहून वेगळ्या, जुन्या वंशाचे; दोघांच्या भाषा इंग्रजीपेक्षा पार निराळ्या आणि एकमेकींच्या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. यांना इंग्लिश म्हणणं म्हणजे नागपूरकराला "तुम्ही पुण्याचेच ना?" विचारण्यासारखं आहे, त्यात पुन्हा काही शतकांचा राग मिसळलेला.

मग दोघांचं मंडळ एकत्र का? तांब्यामुळे. कॉर्नवॉलच्या पोटात कथील आणि तांबं होतं, पण कोळसा नव्हता. तांबं गाळायला खनिजापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागतो, म्हणून खनिजच जहाजात घालून वेल्समधल्या स्वान्सीला न्यायचे. परत येताना तीच जहाजं कोळसा आणायची, आणि त्या कोळशावर कॉर्नवॉलच्या खाणीतलं पाणी उपसणारी वाफेची इंजिनं चालायची. कॉर्निश खणायचे, वेल्श गाळायचे. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पहिला चहा निभावून जाईल.

तीच जोडी इथे आली. ॲडलेडच्या उत्तरेला बर्रा गावी १८४५ मध्ये तांब्याची खाण सुरू झाली, खणायला कॉर्निश आले. १८४९ मध्ये तिथेच भट्ट्या लागल्या, त्यांच्यासाठी वेल्श आले. दोघांच्या वस्त्याही वेगळ्या: कॉर्निश लोकांची रेडरुथ, वेल्श लोकांची ल्लूखुर. घरं पुरेनात म्हणून कितीतरी कुटुंबं ओढ्याच्या काठात कोरलेल्या बिळांतच संसार करत होती. १८५१ च्या सुमाराला अशी अठराशेच्या आसपास माणसं होती. पुढे यॉर्क द्वीपकल्पावर १८५९ मध्ये वॉलरूला आणि १८६१ मध्ये मूंटाला तांबं सापडलं. वॉलरूच्या बंदरावर भट्ट्या, मूंटा आणि कडिना बाजूला खाणी. या त्रिकोणाला आजही 'छोटं कॉर्नवॉल' म्हणतात. मूंटा आणि वॉलरूच्या खाणी १९२३ मध्ये बंद पडल्या. बर्रा आणि मूंटाच्या खाणींची नोंद २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत झाली. जमलं तर मेळाव्याआधी एकदा मूंटाला जाऊन या, ॲडलेडहून दोनेक तास. दगडी इंजिनघराचं उंच धुराडं आणि मागे लालसर मातीचे ढिगारे बघितलेत की तिथली माणसं कशाबद्दल बोलतात ते आपोआप कळेल.

२. कुठल्या मेळाव्याला जायचं ते ठरवा

पहिल्यांदा जाताय तर मोठ्या उत्सवाला जाऊ नका. साध्या रविवारच्या चहाला जा. माणसं पंचवीस-तीस, वेळ दोन तास, बोलायला सवड असते.

बाकी वर्षभराचं साधारण असं: १ मार्च हा वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस. छातीवर डॅफोडिलचं पिवळं फूल किंवा चक्क कांद्याच्या जातीतली लीकची पात लावतात. इथे ऑस्ट्रेलियात मार्चमध्ये शरद ऋतू, त्यामुळे खरं डॅफोडिल कुठून मिळणार? सगळे कापडाचं, कागदाचं किंवा पत्र्याचं लावतात, तुम्हीही तेच लावा. एका हौशी माणसाने फुलवाल्याकडे खरी फुलं मागून दुपार वाया घालवली होती. ५ मार्च हा कॉर्निश संत पिरनचा दिवस. हा कथिलाच्या खाणकामगारांचा संत, झेंडा काळा आणि त्यावर पांढरा क्रूस. काळ्या दगडाच्या चुलीतून तापल्यावर पांढरं कथील वाहिलं, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. त्या दिवशी सगळे काळे कपडे घालून येतात. कुणी गेलंय की काय, असं घाबरून विचारू नका. मी विचारलं होतं.

मोठा उत्सव म्हणजे कर्नेवेक लोवेंडर. मूंटा, कडिना आणि वॉलरू या तीन गावांत विषम वर्षांच्या मे महिन्यात भरतो, १९७३ पासून चालू आहे. नावाचा अर्थ साधारण 'कॉर्निश आनंद'. मिरवणूक, फरी नावाचा रांगेतला नाच, स्वँकी नावाची बिअर, आणि मला सगळ्यात आवडणारा कार्यक्रम म्हणजे दफनभूमीत जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहणं. जायचं असेल तर राहायची सोय कित्येक महिने आधी करा. गावं लहान आहेत, खोल्या मोजक्या.

३. आमंत्रणातले शब्द नीट वाचा

इथे आपली माणसं हमखास फसतात.

"प्लेट आणा" म्हणजे रिकामी बशी नव्हे, सगळ्यांना वाटून खाता येईल असा पदार्थ. हे आता बहुतेकांना माहीत असतं.

"गोल्ड कॉइन" म्हणजे सोन्याचं नाणं नव्हे, एक किंवा दोन डॉलरचं सोनेरी रंगाचं नाणं. दाराशी टोपली असते, त्यात टाकायचं. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका जोडप्याने घरी बसून यावर गंभीर चर्चा केली होती, शेवटी मला फोन आला.

"दोन वाजता" म्हणजे दोन वाजता. आपल्या मंडळाच्या गणपतीसारखं "सहा म्हणजे साडेसात" इथे चालत नाही. पावणेदोनला हॉलचं दार उघडतं, दोनला स्वागत सुरू. सुरुवातीला एखादा जण त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांचं स्मरण करतो: ॲडलेडला कौर्ना, बर्राला न्गाजुरी, मूंटाकडे नारुंगा. त्या मिनिटाला गप्प उभं राहा, कप खाली ठेवा. खाणी निघाल्या त्या जमिनी आधी कुणाच्या होत्या, हे त्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं कुणी बोलत नव्हतं. आता निदान एक मिनिट तरी बोलतात.

येणार की नाही ते कळवायची तारीख पाळा. स्वयंपाकघरात पेस्टी म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या करंज्या मोजून भाजतात. दोघं म्हणून चौघं गेलात, तर कुणीतरी वयस्कर बाई स्वतःची पेस्टी तुमच्या पुढ्यात ठेवते आणि "मला भूक नाही" म्हणते. तुम्ही ती गिळणार कशी?

४. पिशवीत काय हवं

सुट्टी सोनेरी नाणी. रॅफल म्हणजे छोटी लॉटरी हमखास असते, आणि कार्डाचं यंत्र बहुतेक वेळा नसतंच.
आणलेल्या पदार्थावर लावायला चिठ्ठी: त्यात दूध, गहू, अंडं, शेंगदाणे, काजू-बदाम काय आहे ते स्पष्ट लिहिलेलं. शेंगदाण्याच्या बाबतीत तर विसरूच नका.
डब्याच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर तुमचं नाव.
वाचायचा चष्मा. गाण्यांची पुस्तकं बारीक टायपातली असतात.
एक स्वेटर. हॉल जुने, दगडी, मे ते सप्टेंबर गारठलेले.
सासरकडून वंश त्यांच्यापैकी असेल तर त्याची कागदपत्रं, त्याबद्दल पुढे लिहिते.

साडी नेसायची का, असं प्रत्येकजण विचारतो. नेसलात तर सगळे खूश, नाही नेसलात तरी कुणी विचारणार नाही. फक्त बाही मोकळी ठेवा, कारण तुम्हाला भांडी पुसायला उभं करणार हे नक्की.

५. खाण्याच्या टेबलावर

आता मुख्य विषय.

कॉर्निश पेस्टी म्हणजे दिसायला आपली करंजी, फक्त तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी आणि भाजलेली. आत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळट कंद. कॉर्निश लोक मात्र त्याला टर्निप म्हणतात, यावरून वेगळा वाद आहे. मीठ आणि मिरपूड, बस. सारण कच्चंच भरतात, पारीच्या आत ते आपल्याच वाफेवर शिजतं. युरोपात २०११ पासून या नावाला आपल्या हापूससारखं भौगोलिक संरक्षण मिळालं. त्या नियमांत गोमांस किमान साडेबारा टक्के हवं आणि मुरड बाजूला हवी, वर नको. थोडक्यात, "कॉर्निश" असं नुसतं लिहिलेलं असेल तर आत गोमांस आहे असंच धरा. ज्यांना चालत नाही त्यांनी येणार असल्याचं कळवतानाच सांगा. चीज-कांद्याची किंवा नुसत्या भाज्यांची वेगळी करून ठेवतात, तिच्यावर कणकेचं एखादं अक्षर चिकटवतात. आयत्या वेळी सांगितलंत तर फक्त बिस्किटं मिळतील.

शाकाहारींसाठी दुसरा छुपा सापळा म्हणजे लार्ड, डुकराची चरबी. जुन्या घरांत पेस्टीची पारी आणि वेल्श केक दोन्हीत ती असू शकते. वेल्श केक म्हणजे बेदाणे घातलेल्या छोट्या जाडसर चकत्या, जड लोखंडी तव्यावर भाजलेल्या. दिसायला इतक्या निरुपद्रवी की विचारावंसं वाटतच नाही. विचारा: "यात लोणी की लार्ड?" यात कुणाला राग येत नाही, उलट बनवणारी बाई आपल्या आजीचा कृतीचा कागद दाखवते. बारा ब्रीथ म्हणजे चहात रात्रभर भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव. त्यात चरबी बहुधा नसते, अंडं मात्र असू शकतं. आणि केशराचे पिवळेधमक बन असतात. कॉर्नवॉलच्या गरीब खाणकामगारांच्या घरी केशर! पहिल्यांदा तो वास नाकात गेला तेव्हा मी मिरजेच्या घरी दिवाळीच्या पहाटे उभी होते, निदान अर्धा मिनिट तरी.

स्कोन म्हणजे छोट्या जाडसर पावावर आधी जॅम की आधी साय? कॉर्निश माणसासमोर आधी जॅम, वर घट्ट साय. उलटं केलंत तर ते शेजारच्या डेव्हनचं होतं, आणि त्यावर तुम्हाला अर्धा तास गमतीत ऐकावं लागेल. वेल्श लोक या भांडणात पडत नाहीत, ते शांतपणे दोन स्कोन संपवतात.

तुम्ही काय न्यायचं? माझ्या नऊ वर्षांच्या अनुभवातून: शंकरपाळे नंबर एक, पहिल्या दहा मिनिटांत संपतात. नारळाच्या वड्या चालतात. श्रीखंड छोट्या कपांत न्या, केशराचं असेल तर कॉर्निश आज्या वास घेऊनच खूश. चिवडा नको: खाता येत नाही, गालिच्यावर सांडतो, आणि मग कुणीतरी गुडघ्यावर बसून पोहे वेचतं. साबुदाणावडा गार झाला की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

उत्सवाच्या आधी पेस्टी करायला हात लागतात, तेव्हा जरूर जा. माझी खरी ओळख तिथेच झाली. लांब टेबलाभोवती सातआठ बायका, मध्ये सारणाच्या पराती. मी वर्तुळ दुमडलं, कडेला पाणी लावलं आणि सवयीने करंजीसारखी मुरड घालत गेले, अंगठ्याने एकेक दुमड दाबत. समोरच्या आजीबाई नव्वदीच्या असतील, दिवसभर कुणाशी फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझी पेस्टी उचलली, उलटीसुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, माझ्या आजीने. त्यांनी ती ट्रेमध्ये स्वतःच्या पेस्टीशेजारी ठेवली. त्या आठवड्यात माझ्या वाटणीला अडीचशे पेस्टींची मुरड आली. एक सूचना: कातण घेऊन जाऊ नका. नक्षीची कड दिसायला सुंदर, पण भट्टीत तोंड उघडते आणि रस गळतो. हातानेच मुरड घाला.

६. गाणं टाळू नका

खाणं झालं की खुर्च्या सरकतात आणि पुस्तकं वाटतात. आपली माणसं याच वेळी भांडी घासायला पळतात. पळू नका. "मला गाता येत नाही" हे इथे चालणारं कारण नाही, कारण बहुतेकांना येत नाही आणि तरी ते गातात.

वेल्श पद्धतीच्या सामूहिक भजनाला गमान्वा गानी म्हणतात. लोक आवाजाप्रमाणे बसतात: उंच बायकी स्वर, खालचा बायकी, उंच पुरुषी, खालचा पुरुषी. म्हणून बसण्याआधी विचारा. मी पहिल्या वेळी खालच्या स्वराच्या रांगेत बसून मूळ चाल ठणठणीत गायले, शेजारच्या दोघी बिचाऱ्या आपली ओळ शोधत राहिल्या. पुस्तकात पाश्चात्त्य स्वरलिपी बघून घाबरू नका. जुन्या वेल्श भजनपुस्तकांत बरेचदा टॉनिक सोलफा असते: पाच आडव्या रेघा नाहीत, त्यांवरचे गोळे नाहीत, स्वर नुसत्या अक्षरांत. १९व्या शतकात जॉन करवेनने ही पद्धत पसरवली, आणि स्वरलिपी न शिकलेल्या खाणकामगारांना आणि भट्टीवाल्यांना चार स्वरांत गाणं तिच्यामुळे सोपं झालं. यातला 'डो' म्हणजे आपला 'सा'. काळी एक धरा नाहीतर काळी पाच, डो तिथे जातो, बाकीचे मागोमाग. मिरजेला शाळेत असताना पेटीवर सारेगम घोटवून घेतलं होतं, ते असं वीस वर्षांनी ॲडलेडमध्ये कामी आलं. ज्यांना सरगम येते त्यांना हे तासाभरात वाचता येईल.

शेवटचं कडवं रंगात आलं की ते पुन्हा घेतात, मग पुन्हा. पुस्तक बंद करायची घाई करू नका. त्या रंगाला वेल्श भाषेत हुइल असा शब्द आहे. वारीतल्या भजनात टाळ चढतो ना, तसंच.

शेवटी राष्ट्रगीत, उभं राहून. वेल्श राष्ट्रगीताची चाल आणि शब्द पाँटिप्रीदच्या एका बापलेकाचे, १८५६ चे: बापाचे शब्द, मुलाची चाल. कॉर्निश लोक आपलं 'आपल्या वाडवडिलांचा जुना देश' त्याच चालीवर म्हणतात. दोन्ही गट एकत्र असले की एकच चाल, दोन भाषा, एकाच वेळी. पहिल्यांदा ऐकताना वाटतं कुणीतरी चुकतंय. कुणी चुकत नसतं.

७. चार शब्द पाठ करून जा

वेल्श ही जिवंत भाषा आहे, वेल्समध्ये लाखो लोक ती बोलतात, शाळा त्या भाषेत चालतात. कॉर्निशचं तसं नाही. जिला शेवटची जन्मजात कॉर्निश बोलणारी म्हणतात ती डॉली पेंट्रीथ ही मासळी विकणारी बाई १७७७ मध्ये वारली. मग १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी शिकण्याचं पुस्तक काढलं, आणि हळूहळू लोक ती पुन्हा शिकायला लागले. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला मान्यता दिली. म्हणून मेळाव्यात कुणी अडखळत कॉर्निश बोलत असेल तर हसू नका. ती त्याने साठीत शिकलेली असते.

वेल्शमध्ये 'बोरे दा' म्हणजे सुप्रभात, 'दिओल्ख' म्हणजे धन्यवाद, 'क्रॉइसो' म्हणजे स्वागत. कॉर्निशमध्ये 'दिथ दा' नमस्कारासाठी, 'मर रास' धन्यवादासाठी. वेल्श लिहिलेलं वाचताना एवढं लक्षात ठेवा: एकटा एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ', डब्ल्यू बऱ्याचदा 'उ'. दोन एल आले की जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडा. जमलं नाही तर हसतील, पण प्रयत्न बघून खूश होतील.

आणि आकडे म्हणून दाखवा. वेल्शमध्ये तीन म्हणजे 'त्री', सात म्हणजे 'साइथ', नऊ म्हणजे 'नाऊ', दहा म्हणजे 'देग'. तुम्ही मराठीत सात, नऊ म्हटलंत की टेबल वळून बघतं.

एक छोटी गोष्ट: ऐंशी-नव्वदीच्या माणसांनाही इथे नावानेच हाक मारतात. मला सुरुवातीला जीभ उचलत नव्हती, "मिसेस अमुक" म्हणायचे तर त्या मागे वळून स्वतःची सासू शोधायच्या. आता नावानेच हाक मारते, पण मनात 'आजी' लावते.

८. गप्पांतले काही खाचखळगे

तुम्ही भारतातले म्हटल्यावर कॉर्निश म्हातारे एकच विचारतात: "कोलार?" कोलारच्या सोन्याच्या खाणी, म्हणजे केजीएफ, आपल्याला हल्ली सिनेमामुळे माहीत आहेत, त्यांना घरातल्या जुन्या फोटोंमुळे. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे काम हाती घेतलं आणि खाणीवर देखरेखीला कॉर्निश 'कॅप्टन' गेले. २००१ मध्ये त्या खाणी बंद झाल्या. फोटो जरूर बघा. त्यात बंगला, बाग, क्लब दिसेल. सोनं प्रत्यक्ष खणणारे तमिळ-तेलुगू मजूर, त्यातले कितीतरी दलित, हे त्या फोटोंत क्वचितच असतात. मी आता हे शांतपणे बोलून टाकते. कुणी तोंड फिरवत नाही, कारण स्वतःच्या खापरपणजोबाला खाणीत काय मोल होतं ते त्यांनाही माहीत असतं.

वेल्श माणसांना मुंबई म्हटलं की टाटा आठवतात. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी घेतली तेव्हा वेल्समधला पोर्ट टॅलबटचा कारखाना त्यांच्याकडे आला, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी विझली. तिच्या जागी विजेवर चालणारी भट्टी यायची आहे. ज्यांचे भाऊ-भाचे तिथे होते त्यांच्यासाठी हा विषय ताजा आहे. बाजू मांडत बसू नका, ऐकून घ्या. मला विचारलं तर मी सांगते की मी मिरजेची, आणि आमच्याकडे सतार बनते. मग बोलणं सतारीवर जातं.

राजघराणं, ब्रेक्झिट आणि "मग तुमची भाषा शिकून उपयोग काय?" हे तिन्ही विषय पहिल्या चहाला टाळा. तिसरा तर कायमचाच.

९. वंशावळीचं टेबल

कोपऱ्यात लॅपटॉप आणि जुन्या वह्या घेऊन दोघंतिघं बसलेली असतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पूर्वजांचा शोध घ्यायचा असेल तर त्यांच्याकडे जा, पण हात हलवत जाऊ नका. निदान एवढं हवं: सगळ्यात जुन्या माहीत असलेल्या माणसाचं पूर्ण नाव, जन्माचा अंदाजे काळ, पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीचं गाव, इथे आल्याचं साल, शक्य तर जहाजाचं नाव. जन्म, लग्न, मृत्यूच्या दाखल्यांच्या प्रती. कुटुंबाच्या बायबलमधल्या पहिल्या पानाचा फोटो, कारण जन्मतारखा बऱ्याचदा तिथेच असतात.

कामाला लागताना: इंग्लंड आणि वेल्समधली सरकारी जन्म-मृत्यू नोंद १ जुलै १८३७ पासून, दक्षिण ऑस्ट्रेलियातली १८४२ पासून. त्याआधीचं सगळं चर्च आणि चॅपलच्या वह्यांत. कॉर्नवॉलची कागदपत्रं तिथल्या (बर्राच्या नव्हे) रेडरुथच्या क्रेसेन केर्नो या संग्रहात, वेल्सची बरीचशी ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. जुनी ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रं ट्रोव्ह या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. खाणीतले अपघात, चॅपलमधले चहा, उधारीचे खटले, सगळं त्यात आहे. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

आडनावांचा गोंधळ आधीच समजून घ्या. ट्रे, पोल, पेन यांनी सुरू होणारं आडनाव बहुधा कॉर्निश. वेल्श लोकांत पूर्वी आपल्यासारखंच बापाचं नाव पुढे लागायचं: 'आप ऱ्हिस' म्हणजे ऱ्हिसचा मुलगा, त्याचं झालं प्राइस. 'आब ओवेन'चं बोवेन, 'आप हवेल'चं पॉवेल. त्यामुळे एकाच गावात एकाच वेळी पाच जॉन विल्यम्स सापडणं नेहमीचंच. आयत्या मिळालेल्या वंशावळी तशाच उतरवून घेऊ नका. आमच्या घरी कुणीतरी फार पूर्वी तशी उतरवली होती. मग दाखले जुळवून पाहिले, तर दरवर्षी ज्या विल्यम्सच्या थडग्यावर आम्ही फुलं वाहत होतो तो आमचा कुणीच नव्हता. सासरे दोन दिवस गप्प होते. आता दोन्ही विल्यम्सना फुलं वाहतात, पहिल्यालाही, कारण म्हणे त्याला आता सवय झाली असेल.

१०. निघताना

चार वाजता कार्यक्रम संपतो आणि खरोखरच संपतो. खुर्च्या रचायला हात लावा, कुणी सांगायची वाट बघू नका. स्वयंपाकघरात एकजण धुतो, दोघं पुसतात. पुसणाऱ्यांत उभं राहा, तिथे सगळ्या बातम्या मिळतात. सभासदत्वाचा कागद लगेच भरायची गरज नाही, दोन-तीन वेळा येऊन बघा. मंडळाच्या वर्गणीपेक्षा त्यांना माणसांची गरज जास्त आहे, कारण तरुण मुलं फारशी येत नाहीत. हे आपल्या मंडळातही काही वेगळं नाही.

आणि डबा घ्यायला विसरू नका. नाव लिहिलेली चिकटपट्टी मी उगाच सांगितली नव्हती. त्या हॉलच्या कपाटात माझी तीन झाकणं अजून आहेत. मागच्या महिन्यात शंकरपाळ्यांचा डबा मात्र परत आला, आजीबाईंच्या नातीने दारात आणून दिला. उघडला तर आत केशराचे दोन बन होते.